आजोबांच्या नावाची नोंद

बारावी झालेला कोपरखैरण्याचा किंवा उलव्याचा मुलगा जातीचा दाखला आणि पुढे त्याची पडताळणी यांच्या मागे लागला, की त्याला स्वतःबद्दल फारसे काही विचारले जात नाही. चौकशी होते ती आजोबांची. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे का? ते शाळेतच गेले नसतील तर त्यांची किंवा त्यांच्या एखाद्या भावाची जन्मनोंद कोतवाल बुकात सापडेल का? महाराष्ट्रात या दाखल्यासाठी वास्तव्याच्या मानीव तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आज अठरा वर्षांच्या असलेल्या बहुतेक मुलांचे वडीलसुद्धा या तारखांना जन्मलेले नव्हते. त्या दिवशी घरातले जे कोणी महाराष्ट्रात राहत होते ते आजोबा किंवा पणजोबा. ते राहत होते हे सिद्ध झाले तर नातवाला प्रवर्गाची जागा मिळते. आजोबा दहा वर्षांनी रोजगारासाठी कर्नाटकातून किंवा उत्तर प्रदेशातून तुर्भ्याला आले असतील, तर तोच नातू इथेच जन्मून, इथेच शिकून त्या रांगेबाहेर राहतो.

कुटुंबाची सामाजिक पत आजोबा-आजींकडून नातवंडांकडे कशी पोचते, हा पुढच्या पानांचा विषय आहे. तो समजून घ्यायला नवी मुंबईइतके सोयीचे शहर महाराष्ट्रात दुसरे नसेल. १७ मार्च १९७० रोजी ते वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली तेव्हा हे शहर कागदावरच होते. शहराचे सगळे वय तीन पिढ्यांत मावते. पहिल्या पिढीच्या नावावर काय होते, मधल्या पिढीच्या हातून काय गेले आणि तिसरीच्या पदरात काय पडले, याचा माग इथे दस्तऐवजांवरून काढता येतो. जुन्या शहरांत हा माग दोनशे-तीनशे वर्षांच्या गुंत्यात हरवून जातो.

आधी या विषयाच्या अभ्यासाकडे पाहू. पिढ्यांमधली चढ-उतार मोजणारे अभ्यासक बराच काळ बाप आणि मुलगा या जोडीवरच थांबत असत. गॅरी बेकर आणि नायजेल टोम्स या अर्थशास्त्रज्ञांच्या १९७९ आणि १९८६ च्या मांडणीचा या क्षेत्रावर मोठा प्रभाव होता. आईबाप आपल्या कमाईतून मुलांवर खर्च करतात, मुले त्या जोरावर कमावतात, आणि आजोबांचा जो काही परिणाम व्हायचा तो आईबापांच्या मार्फतच होतो, असा त्यामागचा समज. याचे गणित सोपे आहे. बापाच्या आघाडीपैकी निम्मी मुलाला मिळत असेल, तर आजोबांची पाव नातवाला मिळेल आणि पणजोबांची एक अष्टमांश पणतवाला. या हिशेबाने तीन-चार पिढ्यांत गर्भश्रीमंतीही विरते आणि दारिद्र्यही.

प्रत्यक्षातली आकडेवारी मात्र या हिशेबात बसेना. लोकसंख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट मेअर यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या लोकसंख्या अभ्यासकांच्या संघटनेपुढे केलेल्या अध्यक्षीय भाषणात दोन पिढ्यांच्या या चौकटीवरच बोट ठेवले. माल्मो या स्वीडिश शहरात १९३८ साली तिसरीत असलेल्या मुलांची कुटुंबे चार पिढ्या तपासली गेली, तेव्हा आजोबांचा ठसा वरच्या गुणाकारातून निघतो त्याहून ठळक दिसला. टाक विंग चॅन आणि विकी बॉलिव्हर यांनी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या १९४६, १९५८ आणि १९७० साली जन्मलेल्यांच्या नोंदी घेऊन दाखवले, की आईबापांची स्थिती सारखी असली तरी आजोबा वरच्या वर्गातले असणाऱ्या नातवंडांना वर राहण्याची संधी जास्त असते. फ्लॉरेन्समध्ये तर दोन इटालियन अर्थशास्त्रज्ञांनी १४२७ च्या करनोंदवहीतली आडनावे २०११ च्या करदात्यांशी जुळवून पाहिली, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या पैसेवाल्या घराण्यांची आडनावे आजही सरासरीच्या वरच निघाली.

नातवावरचा हा परिणाम होतो कसा, याबद्दल चीनच्या ग्रामीण भागातला झेंग आणि शिए यांचा २०१४ चा अभ्यास मला फार बोलका वाटतो. शिकलेले आजी-आजोबा नातवंडांबरोबर एकाच घरात राहत असतील, तर नातवंडे शाळेत टिकण्यावर त्यांच्या शिक्षणाचा परिणाम जवळपास आईबापांच्या शिक्षणाइतकाच होतो. वेगळे राहणाऱ्या किंवा वारलेल्या आजी-आजोबांचा तसा परिणाम दिसत नाही. म्हणजे विद्येच्या बाबतीत आजोबांना घरात असावे लागते. मिळकतीच्या बाबतीत तशी गरज नसते. आजोबा वारले तरी त्यांचे नाव कागदावर राहते आणि ते नाव काम करत राहते. नवी मुंबईत हा दुसरा मार्ग इतका प्रबळ ठरला, की मधली पिढी जवळजवळ वळसा घालून आजोबांची पत थेट नातवापर्यंत आली. माझ्या मते या शहराकडून शिकण्यासारखी हीच मुख्य गोष्ट आहे.

ती समजायला १९७० च्या थोडे मागे जावे लागते. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांच्या खाडीकाठच्या गावांतला आगरी, कोळी, कराडी माणूस भात पिकवायचा, मिठागरात राबायचा, खाडीत जाळे टाकायचा. कसणाऱ्यांतले कित्येक जण दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ होते. शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध जमीन न कसण्याचा संप केला, तो याच समाजाचा. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. कलम ३२ग खाली जमिनीची किंमत ठरायची, ती फेडली की ३२म चे प्रमाणपत्र मिळायचे आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यातले नाव कब्जेदाराच्या रकान्यात चढायचे. आजच्या तिशीतल्या मुलांचे आजे त्या वेळी ऐन तारुण्यात होते. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या घराण्यांत सातबाऱ्यावर नाव चढलेला पहिला माणूस म्हणजे हा आजा.

त्याला ही मालकी जेमतेम तेरा वर्षे उपभोगता आली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मांडलेली खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना सरकारने उचलली, आणि ९५ गावांच्या परिसरातले सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी मुक्रर झाले. शेते गेली, गावठाणे राहिली. मोबदला तुटपुंजा होता, आणि रोख रक्कम हाती आली की लग्नात, घराच्या कौलांत, आजारपणात संपायला वेळ लागत नाही. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांनी उभारलेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी ठार झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व या आंदोलनातून पुढे आले, आणि १९९० नंतर ते योजना म्हणून अमलात आले.

या योजनेचे गणित प्रत्येक गावात तोंडपाठ आहे. एका एकराचे गुंठे चाळीस. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, म्हणजे हाती पावणेनऊ टक्के, साडेतीन गुंठे, सुमारे साडेतीनशे चौरस मीटर. आजाला तीन मुलगे आणि दोन मुली असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर चौरस मीटर, आणि पुढे दोन-दोन मुले धरली तर नातवाच्या वाट्याला पस्तीस. एवढ्याशा तुकड्यावर कोणी घर बांधत नाही. सगळे वारस मिळून बिल्डर गाठतात, सिडको, भूखंडधारक आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार होतो, इमारत उभी राहते आणि फ्लॅट वाटून घेतले जातात. एक तपशील बोलण्यात सहसा सुटतो. आजा जमिनीचा मालक होता. नातू मात्र सिडकोचा पट्टेदार आहे, आणि मूळ पट्टा साठ वर्षांचा.

यात काळाचे अंतर निर्णायक ठरले. जमीन सत्तरच्या दशकात गेली, भूखंड नव्वदनंतर मिळू लागले, काही घरांना तर त्यानंतरही कित्येक वर्षांनी. तोवर कित्येक घरांत आजा गेला होता. निवाड्याची नक्कल, फेरफार, न्यायालयातला वारस दाखला असे कागद जमवत मधल्या पिढीचे अर्धे आयुष्य गेले. या मधल्या पिढीकडे शेत नव्हते आणि शहरातल्या नोकरीला लागणारे शिक्षणही फारसे नव्हते. मटेरियल सप्लाय, टँकर, कंत्राटी कामगार पुरवणे, बंदरातली रोजंदारी यावर तिने दिवस काढले. गावठाणाची हद्द वाढली नाही, घरात माणसे मात्र वाढली. म्हणून तिने गावाला लागून, एकेकाळी आपल्याच असलेल्या जमिनीवर खोल्या चढवल्या. त्या ‘गरजेपोटी बांधलेल्या घरां’ना सरकारी भाषेत अनधिकृत म्हणतात. एकाच घराण्यात आजा कब्जेदार, बाप अतिक्रमणकर्ता आणि नातू भूखंडधारक, असा हा क्रम आहे. बापाची स्थिती पाहून नातवाचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासकाचे उत्तर इथे हमखास चुकेल.

‘प्रकल्पग्रस्त’ ही ओळखही अशीच वारशाने येते. ज्याने भाताचे आवण कधी पाहिले नाही असा २००५ साली जन्मलेला मुलगा स्वतःला प्रकल्पग्रस्त म्हणवतो, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नाही. सरकारी नोकरीतल्या गट क आणि ड च्या पदांवरचे पाच टक्के समांतर आरक्षण याच ओळखीला जोडलेले आहे. नवी मुंबई विमानतळासाठी जमीन देणाऱ्या गावांना साडेबावीस टक्क्यांची योजना मिळाली, ती १९८४ चा लढा आज्यांनी लढला होता म्हणून. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या या विमानतळाला दि. बां.चे नाव देण्यासाठी नातवंडे रस्त्यावर उतरली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी दि. बां.ना पाहिलेले नव्हते, आणि तरीही आपली पत त्या नावाशी बांधलेली आहे हे त्यांना ठाऊक होते.

नोंदीने ज्यांना तारले त्यांची ही हकीकत झाली. नोंदच नव्हती त्यांचे काय, हे विचारल्याशिवाय विषय पुरा होत नाही. ज्या कुळाने ३२ग ची किंमत भरली नाही, किंवा तलाठ्याने ज्याचे नाव कधी चढवलेच नाही, त्याची जमीन १९७० साली कागदावर खातेदाराचीच होती; पुढचा हक्कही त्या खातेदाराच्या वारसांकडे गेला. पनवेल-उरणच्या डोंगरउतारांवरच्या वाड्यांत राहणारा कातकरी भट्टीवर, कोळशावर, दुसऱ्याच्या शेतावर राबला. त्याच्या नावे सातबारा नव्हता, म्हणून शहर येऊन त्याचे काही संपादित झाले नाही आणि त्याच्या नातवाला काही परतही मिळाले नाही. गमावल्याची नोंद व्हायलासुद्धा आधी नावावर काही असावे लागते.

खाडीचे तर सातबारेच नसतात. कोळ्याचा आजा कोणत्या खाडीत, कोणत्या भरतीला, कोणत्या जागी डोल जाळे लावायचा हे साऱ्या कोळीवाड्याला ठाऊक होते आणि महसुली दप्तरात त्याचा मागमूस नव्हता. जवाहरलाल नेहरू बंदराच्या चौथ्या टर्मिनलच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना मिळून सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई ठरवली. कुटुंबामागे ही रक्कम पावणेसहा लाखांच्या थोडी वर जाते. खाडीवरचा परंपरागत हक्क मान्य झाला ही मोठीच गोष्ट. पण ती एकरकमी भरपाई होती. भूखंड नातवापर्यंत जातो, रोख रक्कम क्वचितच जाते.

आणि लेकी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या स्वतंत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने आला. गावातला रिवाज मात्र हक्कसोडपत्राचा राहिला. जमिनीला मोल नव्हते तेव्हा बहिणी आनंदाने सही करत. माहेर तुटू नये, दिवाळीला भाऊबीज व्हावी, एवढेच त्यांना हवे असे. भूखंडाचा भाव कोटींत गेल्यावर त्याच सहीसाठी घरोघर मनधरण्या सुरू झाल्या आणि कित्येक घरांत कोर्टकज्जेही. मुलाच्या मुलाला आजा लाभतो आणि मुलीच्या मुलाला नुसते आजोळ लाभते, हा फरक या शहरात चौरस मीटरमध्ये मोजता येतो. आजोबांच्या प्रभावाचे कित्येक अभ्यास वडिलांच्या बाजूने माग काढतात. त्यांनी आईच्या बाजूने काढला तर नवी मुंबईतली तीच घराणी निराळी दिसतील.

शहरात बाहेरून आलेले आजोबाही आहेत. सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून मुंबईत मशीद बंदरला येऊन पाठीवर पोती वाहणारा हमाल अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेमुळे आणि १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे मंडळात नोंदला गेला. त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, औषधपाणी मिळाले, टोळीत पक्की जागा मिळाली. १९८० नंतर घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलले तसा तोही खाडी ओलांडून आला. कोपरखैरणे, घणसोलीत त्याची घरे झाली. त्याच बाजारात मंडळाबाहेर, नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्या मजुराच्या आणि या माथाड्याच्या अंगमेहनतीत फारसा फरक नव्हता. त्यांच्या नातवंडांत मात्र फरक पडला, आणि त्याचे मूळ पुन्हा एका नोंदवहीत आहे. गिरगाव-दादरच्या चाळीतून वाशी-नेरूळच्या सिडको वसाहतीत आलेल्या कारकुनाच्या घरी तिसरा प्रकार दिसतो. त्याच्याकडे जमीन नव्हती, मॅट्रिकचे प्रमाणपत्र होते. निवृत्तीनंतर तो नातवंडांच्या घरी राहिला, त्यांच्या वह्या तपासल्या, त्यांना ग्रंथालयात नेले.

इथे मिळकत आणि विद्या हे दोन वारसे एकमेकांना छेदतात. नेरूळच्या एकाच कॉलेजात शेजारी बसणाऱ्या दोन मुलींपैकी आगरी घरातलीच्या नावे फ्लॅट असेल आणि कारकुनाची नात भाड्याच्या घरात राहत असेल. तरी मुलाखतीला कसे बसायचे, कोणता अभ्यासक्रम निवडायचा, कोणाला फोन करायचा, हे दुसरीला घरात आपोआप कळते. पहिलीला ते स्वतः शोधावे लागते, कारण तिच्या आज्याच्या पिढीत शाळा आवाक्यात नव्हती आणि बापाचे शिकायचे वय कचेऱ्यांत खेटे घालण्यात गेले. ‘पैसा आला पण वळण आले नाही’, असे हळदी-लग्नांतल्या थाटाकडे बोट दाखवून गावठाणाबाहेरचे लोक बोलतात, तेव्हा ते या मधल्या पिढीचा हिशेब विसरतात. मिळकत एका निवाड्याने दोन पिढ्या ओलांडून येऊ शकते. शिक्षणाला तशी उडी मारता येत नाही. त्याला घरातली माणसे लागतात आणि वेळ लागतो. ज्या आगरी-कोळी घरांत आज पहिली डॉक्टर, पहिली वकील, पहिली प्राध्यापिका आहे, त्या घरांत तो वेळ आता सुरू झाला आहे, आणि त्याचा खरा लाभ तिच्या नातवंडांत दिसेल.

पुढची पाने वाचताना म्हणून एक प्रश्न जवळ ठेवावा: या घरात आजोबांचे, आणि आजीचेसुद्धा, नाव कोणत्या वहीत होते? सातबारा, शाळेचे रजिस्टर, माथाडी मंडळ, कोतवाल बुक, की कुठेच नाही? बापाचा पगार आणि बापाचे शिक्षण विचारून थांबणारी सर्वेक्षणे हा प्रश्न विचारत नाहीत, म्हणून समान संधीची त्यांची चित्रे अपुरी राहतात.

हा प्रश्न इतिहासापुरता उरलेला नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रात कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नेमले. १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे चिरनेर आता या नवनगराच्या, म्हणजे तिसऱ्या मुंबईच्या, नकाशावर आले आहे. पन्नास वर्षांपूर्वीची चूक टाळायची असेल तर मोजणीच्या आधी तीन कामे व्हायला हवीत. खातेदाराबरोबर प्रत्यक्ष कसणाऱ्याचे आणि वाडीतल्या कातकऱ्याचे नाव लिहून घ्यावे. खाडीतल्या मासेमारीच्या जागांची कोळीवाड्यांच्या साक्षीने नोंद व्हावी. आणि लेकींचे हक्कसोडपत्र गृहीत न धरता त्यांची नावे वारसांत आधीच चढवावीत. या यादीतून आज जो सुटेल, त्याच्या नातवाला २०८० साली कोणत्याही कचेरीत आपला आजा सापडणार नाही.